डिस्चार्जच्या कागदावर सही करणाऱ्यांना

व्यसनमुक्ती केंद्रं आणि मानसोपचार विभाग चालवणारे डॉक्टर, समुपदेशक आणि व्यवस्थापक यांस,

सप्रेम नमस्कार.

पेशंटला घरी सोडताना तुम्ही जो कागद आमच्या हातात देता, त्याबद्दल हे पत्र आहे. त्यावर निदान असतं, गोळ्यांची नावं असतात, 'एक महिन्याने दाखवावे' असं लिहिलेलं असतं. दुखणं उलटायला लागलं तर ते कसं ओळखायचं, त्या पहिल्या रात्री काय करायचं, फोन कुणाला करायचा आणि तुम्ही त्याला परत घ्याल की नाही, यातलं बहुतेक वेळा काहीच नसतं. माझी मागणी अशी आहे की उलटण्याचा धोका हा उपचाराचाच भाग माना. पेशंट दारातून बाहेर पडण्याआधी त्याच्यासोबत बसून तो लिहून काढा. आणि तो धोका खरा ठरला, तर त्याच्यासाठी दार बंद करू नका.

मी डॉक्टर नाही. माझ्या धाकट्या भावाला दारूचं व्यसन आहे आणि बायपोलर आजारही आहे, म्हणजे मन कधी उन्मादात तर कधी नैराश्यात जातं. अशाच घरांच्या एका आधारगटात मी बरीच वर्षं जाते आहे. जे लिहिते आहे ते तिथे ऐकलेलं, घरात पाहिलेलं आणि या विषयावर जे हाती लागलं ते वाचून समजलेलं आहे. तुम्हाला यातलं पुष्कळ माहीत असणार. पण जे तुम्हाला माहीत असतं ते आमच्यापर्यंत पोचत नाही, हीच तर तक्रार आहे.

व्यसन सोडल्यावर वर्षभरात पुन्हा त्याकडे वळणाऱ्यांचं प्रमाण साधारण 40 ते 60 टक्के आहे. टॉमस मॅक्लेलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात हा आकडा उच्च रक्तदाब आणि दमा यांच्या शेजारी ठेवून दाखवला. त्या आजारांत वर्षभरात पुन्हा उपचार घ्यायला लागावेत इतका त्रास उसळणाऱ्यांचं प्रमाण 50 ते 70 टक्के निघतं. दम्याचा पेशंट धाप लागून परत आला की तुम्ही औषधाचा डोस तपासता, पंप नीट ओढतो का ते पाहता. दारूचा पेशंट परत आला की त्याची इच्छाशक्ती तपासली जाते. दोघांकडे एकाच नजरेने पाहता येणार नाही का?

हा धोका सगळ्या काळात सारखा पसरलेला नसतो, हे आम्हाला कुणी तरी सांगायला हवं होतं. 1971 सालीच हंट आणि सहकाऱ्यांनी हेरॉईन, तंबाखू आणि दारू सोडणाऱ्यांतले किती जण टिकून राहिले याचे आलेख एकावर एक ठेवले. तिन्ही जवळजवळ एकाच आकाराचे निघाले. पहिल्या तीन महिन्यांत कडा कोसळल्यासारखा उतार आणि त्यानंतर हळूहळू सपाट होत जाणारी रेघ. मानसोपचार वॉर्डातून घरी गेलेल्यांमध्ये आत्महत्येचा धोकाही डिस्चार्जनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांतच सर्वांत जास्त असतो. जगभरचे अभ्यास एकत्र करून 2017 साली हे पुन्हा दाखवून दिलं गेलं. म्हणजे वॉर्डात चोवीस तास नजर असते, आणि जेव्हा धोका सर्वांत जास्त असतो तेव्हा ती नजर एकदम शून्यावर येते. अशा वेळी 'एक महिन्याने' ही फार लांबची तारीख आहे. पहिल्या आठवड्यात एक भेट आणि मध्ये एक-दोन फोन एवढं तरी हवंच.

आता काही धोके थोडे तपशिलात मांडते. कारण 'काळजी घ्या' या दोन शब्दांत ते मावत नाहीत.

हेरॉईन, मॉर्फिन, अफूवर्गातल्या वेदनाशामक गोळ्या यांचं व्यसन सोडवून घरी जाणाऱ्या माणसाला एक गोष्ट घरच्यांच्या समोर, सरळ शब्दांत सांगायला हवी. आता तुझ्या शरीराला तुझा जुना डोस झेपणार नाही. रोज घेताना शरीर सरावलेलं असतं, काही आठवडे बंद राहिलं की तो सराव उतरतो. मनाला मात्र जुनंच माप आठवत असतं. घसरला की माणूस तेवढंच घेतो आणि झोपेत त्याचा श्वास मंदावत थांबतो. ब्रिटनमध्ये जॉन स्ट्रँग यांच्या गटाने अशा 137 पेशंटांचा मागोवा घेतला आणि 2003 साली निष्कर्ष छापला. उपचारानंतर चार महिन्यांच्या आत ओव्हरडोसने जे तिघे गेले, ते तिघेही उपचार पूर्ण करून, शाबासकी घेऊन बाहेर पडलेले होते. अर्धवट सोडून गेलेल्यांचा शरीराचा सराव पुरता उतरलेला नव्हता. ज्याला तुम्ही यशस्वी म्हणून सोडता तो त्या घडीला सर्वांत नाजूक असतो, हे आई-वडिलांना कसं सुचणार? नॅलोक्झोन हे ओव्हरडोस उतरवणारं औषध घरच्यांच्या हाती असावं, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2014 सालीच सुचवलं आहे. ते कसं द्यायचं हे डिस्चार्जच्या दिवशीच शिकवता येतं.

याच संदर्भात आणखी एक. काही केंद्रांमध्ये अजूनही म्हणतात की ब्युप्रेनॉर्फिनसारखं तलफ शमवणारं औषध घेणं म्हणजे एक व्यसन सोडून दुसरं लावून घेणं. हे म्हणणाऱ्यांची तळमळ खरी असते, पण स्वीडनमधला 2003 सालचा एक छोटा प्रयोग त्यांनी जरूर पाहावा. 40 हेरॉईनग्रस्तांचे दोन भाग केले. 20 जणांना वर्षभर ब्युप्रेनॉर्फिन दिलं. उरलेल्या 20 जणांचं ते सहा दिवसांत उतरवलं आणि मग औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. समुपदेशन आणि गटचर्चा दोघांनाही सारखीच होती. वर्षाअखेर पहिल्या भागातले 75 टक्के उपचारात टिकून होते. दुसऱ्या भागातला एकही टिकला नव्हता, आणि त्यांच्यातले चौघे मरण पावले होते. चांगल्या समुपदेशनाने सगळं भागेल असं मानणाऱ्यांना या चौघांचा विचार करावाच लागेल.

सिगारेटचा धोका आमच्या गटात कुणालाच माहीत नव्हता. स्किझोफ्रेनियासाठी दिल्या जाणाऱ्या क्लोझापिन आणि ओलान्झापिन या औषधांना यकृतातलं एक एन्झाइम मोडून शरीराबाहेर काढत असतं. विडी-सिगारेटच्या धुरातल्या घटकांमुळे ते एन्झाइम जोमाने काम करायला लागतं. हे निकोटिनमुळे होत नाही, धुरामुळे होतं. वॉर्डात धूम्रपानाला बंदी असते, त्यामुळे डोस ठरतो तो धूर नसलेल्या शरीरासाठी. माणूस घरी येतो, पहिल्याच संध्याकाळी पाकीट उघडतो आणि रोजच्या त्याच गोळ्या घेत असूनही थोड्याच दिवसांत रक्तातली औषधाची पातळी खाली जाते. मग आवाज परत ऐकू यायला लागतात. घरचे त्याच्यावर गोळ्या थुंकल्याचा आळ घेतात, तोंड उघडून दाखवायला लावतात. आमच्या गटातल्या एका आईने महिनाभर हेच केलं, आणि तो मुलगा बिचारा एकही गोळी चुकवत नव्हता. उलटही होतं. बाहेर रोज ओढणारा माणूस अचानक सिगारेट सोडतो आणि तोच डोस अंगावर येतो. कागदावर एक ओळ पुरेशी आहे: 'सिगारेट सुरू केली किंवा बंद केली तर आम्हाला लगेच कळवा.'

आता गोळ्या बंद करण्याबद्दल. स्किझोफ्रेनियाच्या 65 चाचण्या एकत्र करून 2012 साली जे चित्र समोर आलं त्यात औषध चालू ठेवलेल्यांपैकी वर्षभरात 27 टक्क्यांचा आजार उलटला, औषध नसलेल्या गोळ्या मिळालेल्यांत तो 64 टक्क्यांचा उलटला. हे दोन्ही आकडे पेशंटला सांगा. औषध घेऊनही चौघांतल्या एकाचा आजार उलटू शकतो हे त्याला आधी माहीत असेल, तर तसं झाल्यावर 'औषधाचा उपयोगच नाही' म्हणून तो सगळं सोडून देणार नाही. आणि लोक गोळ्या का सोडतात हे विचारा तर खरं! हात थरथरतात, वजन वाढतं, डोक्यात धुकं असल्यासारखं वाटतं, लैंगिक त्रास होतो आणि तो डॉक्टरांना सांगायची लाज वाटते. किंवा साधं कारण म्हणजे बरं वाटतं. माझ्या भावाने दर वेळी बरं वाटायला लागल्यावरच लिथियम, म्हणजे त्याचं बायपोलरचं औषध, सोडलं आहे. ते एकदम सोडलं तर उन्मादाचा झटका येण्याचा धोका आणखी वाढतो, कमी करायचंच असेल तर तुमच्या देखरेखीखाली हळूहळू करायचं असतं, हे त्याला कळलं ते फार उशिरा. सोडू नकोस, असं सगळ्यांनी सांगितलं. सोडावंसं वाटेल तेव्हा काय कर, हे कुणी सांगितलं नाही.

उलटण्याच्या खुणा प्रत्येकाच्या वेगळ्या असतात, आणि बहुतेक वेळा त्या काही दिवस, कधी काही आठवडे आधी दिसतात. आमच्या घरी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला आहे. भावाने तो बरा असताना स्वतः लिहिला आहे. 'रात्री उशिरा सामान आवरायला लागतो. जुन्या मित्रांना एकापाठोपाठ एक फोन करतो. समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नाही. कानात इअरफोन सतत. ताईवर चिडतो, कारण ती झोपलास का विचारते.' आणि सर्वांत खाली, अधोरेखित करून: 'मी म्हणतो की हल्ली कमी झोप पुरते आणि फार छान वाटतं.' हे शेवटचं वाक्य कुणाही परक्या माणसाला सुधारणेचं लक्षण वाटेल. त्याच्या बाबतीत दोन रात्री असं गेलं की डॉक्टरांना फोन करायची वेळ आलेली असते, आणि हा नियम त्यानेच घातला आहे. त्यामुळे मी फोन केला तर ती चुगली ठरत नाही.

हा कागद आम्हाला एका समुपदेशक बाईंनी करायला लावला. एका दुपारचं काम. 1999 साली ब्रिटनमधल्या एका चाचणीत बायपोलरच्या पेशंटांना काही बैठकांत एवढंच शिकवलं की आपल्या सुरुवातीच्या खुणा ओळखायच्या आणि ताबडतोब मदत मागायची. चौथा हिस्सा पेशंटांना उन्मादाचा पुढचा झटका येईपर्यंतचा काळ नेहमीच्या उपचारांत 17 आठवडे होता, शिकवलेल्यांत तो 65 आठवडे झाला. एका कागदाने वर्षभराची उसंत मिळत असेल तर तो प्रत्येक डिस्चार्जला का होत नाही?

व्यसनातल्या घसरणीबद्दल ॲलन मार्लट या मानसशास्त्रज्ञांनी 1980 च्या दशकात जे मांडलं ते मला सर्वांत मोलाचं वाटतं. एक घोट आणि पूर्ण घसरण यांच्यामध्ये थोडा वेळ असतो, आणि त्या वेळात माणूस स्वतःला काय म्हणतो त्यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. 'संपलं, मी असाच आहे, इतके महिने पाण्यात गेले' असं म्हणाला की शरम येते, आणि ती शरम बुडवायला त्याच्याकडे एकच ओळखीचा उपाय असतो. 'हे कशामुळे झालं, आत्ता कुणाला फोन करू' असं म्हणाला तर बाटली तिथेच ठेवून उठण्याची शक्यता उरते. मार्लट यांनी घसरणीची कारणं गोळा केली तेव्हा त्यांना वाईट मनःस्थिती, घरातली किंवा कामावरची भांडणं, आणि मित्रांचा आग्रह या तिघांतच बहुतांश प्रकरणं सापडली. नुसती तलफ आली म्हणून प्यायला, असं तुलनेने कमी निघालं. आमच्या गटातही हेच ऐकायला मिळतं. भूक, राग, एकटेपणा, थकवा आणि अपुरी झोप यांतली दोन-तीन एकत्र आली की घसरायला निमित्त पुरतं. आनंदाचे प्रसंगही धोक्याचे असतात, हे पुष्कळ घरांना माहीत नसतं. बढती मिळाली, बाळ झालं, त्या रात्री नजर जास्त हवी.

म्हणूनच केंद्रांमध्ये 'एक थेंब घेतलास की सगळं शून्यावर' असं जे ठासून सांगितलं जातं, त्याची मला भीती वाटते. पहिला घोट टाळायचा हे बरोबरच आहे. पण तो घेतला गेलाच तर दुसरा टाळण्यासाठी त्याच्या हातात तुम्ही काहीच देत नाही.

घराबद्दल लिहिताना मला जपून लिहावं लागतं, कारण घरच्यांना दोष देणारे आधीच खूप आहेत. 1950 च्या दशकात जॉर्ज ब्राउन या समाजशास्त्रज्ञाला असं आढळलं की मनोरुग्णालयातून सुटून आई-वडिलांकडे किंवा पत्नीकडे परतणाऱ्यांचं दुखणं, भाड्याच्या खोलीत किंवा भावंडांकडे राहणाऱ्यांपेक्षा जास्त उलटत होतं. पुढे 1972 साली त्यांच्या गटाने घरातली टीका, वैर आणि नको इतकं भावनिक गुंतणं मोजलं. या गोष्टी जास्त असलेल्या घरांत नऊ महिन्यांत 58 टक्के पेशंटांचा आजार उलटला, कमी असलेल्या घरांत 16 टक्क्यांचा. आम्ही घरचे टोमणे मारतो, वास घेतो, खिसे तपासतो, रात्री श्वास चालू आहे का बघायला उठतो. हे आम्ही भीतीपोटी करतो. पण घरच्यांना आजार समजावून सांगितला, बोलण्याच्या रीती शिकवल्या, त्यांचं ऐकून घेतलं तर उलटण्याचं प्रमाण कमी होतं, हेही तितकंच तपासून सिद्ध झालेलं आहे. तुमच्याकडे या बैठका बहुतेक वेळा ऐच्छिक असतात आणि वेळ सापडला तर होतात. त्या डिस्चार्जची अट करा. आम्ही येऊ. कामावर रजा घेऊन येऊ.

आता ज्या गोष्टीमुळे हे पत्र लिहायला बसले ती सांगते. माझा भाऊ एका केंद्रात होता. सुट्टीवर घरी येऊन परत गेल्यावर त्याने स्वतःहून समुपदेशकांना सांगितलं की काल मी प्यायलो. त्याला कुणी पकडलं नव्हतं. दुपारी आम्हाला फोन आला, सामान घेऊन जा, नियम मोडला आहे. मी पोचले तेव्हा तो बॅग मांडीवर घेऊन फाटकापाशी बसला होता. त्याच्या लिथियमच्या गोळ्या आतल्या कपाटात होत्या, किल्ली ज्यांच्याकडे होती ते सोमवारी येणार होते, आणि तो शुक्रवार होता. मानसोपचार विभागात नेलं तर तिथे म्हणाले, आधी दारू सोडवून आणा. केंद्र पहिल्यापासून म्हणत होतं, डोक्याचं तिकडे बघा. खरं बोलल्याबद्दल त्याला जी शिक्षा मिळाली ती तो अजून विसरलेला नाही. त्यानंतरची घसरण त्याने आमच्यापासून लपवली.

नियमामागचं कारण मला कळतं. वॉर्डात इतर वीसजण सोडायच्या प्रयत्नात असतात, त्यांच्यासमोर कुणी पिऊन येणं चालणार नाही. मग त्याला वेगळ्या खोलीत ठेवा, दुसऱ्या विभागात हलवा, दोन दिवस घरी पाठवायचंच असेल तर औषधं, नंबर आणि परत यायची तारीख देऊन पाठवा. ज्या लक्षणासाठी माणसाला दाखल करून घेतलं, तेच लक्षण दिसलं म्हणून त्याला बाहेर काढायचं, हे वैद्यकाच्या दुसऱ्या कुठल्याही शाखेत चालणार नाही. आणि व्यसन व मानसिक आजार दोन्ही असलेल्यांवर एकाच ठिकाणी, एकाच वेळी उपचार करा. एक अर्धा बरा होईपर्यंत दुसरा थांबून राहत नाही. जे समुपदेशक अजून 'मनाच्या गोळ्याही सोड, तरच खरा सोबर' असं सांगतात, त्यांना कृपया थांबवा. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचीसुद्धा अधिकृत भूमिका अशी आहे की सभासदांनी एकमेकांना औषधं बंद करायला सांगू नये.

तुम्ही म्हणाल, माणसं कमी आहेत, खाटा कमी आहेत. हे खरं आहे आणि त्यासाठी सरकारकडे भांडायला आम्ही तुमच्यासोबत उभे राहू. पण सगळं खर्चाचंही नाही. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये जेरोम मोटो या मानसोपचारतज्ज्ञांनी, नैराश्य किंवा आत्महत्येच्या विचारांमुळे दाखल झालेले आणि घरी गेल्यावर पुढचे उपचार नाकारलेले 843 जण निवडले. त्यातल्या साधारण अर्ध्यांना पाच वर्षं अधूनमधून छोटी पत्रं पाठवली. तुम्ही इथून गेलात त्याला काही दिवस झाले, बरे असाल अशी आशा आहे, लिहावंसं वाटलं तर जरूर लिहा, इतकंच. काही मागणी नाही, सल्ला नाही, भेटीची आठवण नाही. पत्रं गेलेल्या गटात आत्महत्या कमी झाल्या, आणि पहिल्या दोन वर्षांत तो फरक ठळक होता. ज्यांनी तुमच्याकडे पाठ फिरवली त्यांच्यासाठीही एवढं करता येतं.

आमच्या गटातल्या घरांनी मिळून डिस्चार्जच्या वेळी भरायचा एक पानी कागद तयार केला आहे. त्यात पेशंटच्या स्वतःच्या शब्दांत त्याच्या खुणा, पहिल्या तीन महिन्यांच्या भेटी, सिगारेटची ओळ, कमी झालेल्या सरावाची ओळ, रात्री उचलला जाईल असा एक नंबर आणि 'घसरलो तरी मला परत घेतलं जाईल' यासमोर तुमच्या सहीची जागा आहे. त्यात चुका असतील. तुम्ही दुरुस्त करून द्या. ज्यांना तो पुढच्या डिस्चार्जला वापरून पाहायचा आहे, त्यांच्याकडे मी स्वतः प्रती घेऊन येईन.

आपली,
एका पेशंटची बहीण